कागदाबाहेर गेलेलं मीठ

"मीठ काय खुट्याले बांधून ठेवलं बे तू? काहून हाललं नाई ते?"

तायडे सर माझ्या नकाशावर ओरडत होते. आवाज असा, की अमरावतीत खोकले तर चिखलदऱ्याचं धुकं फाटावं. पीएच.डी.चे माझे मार्गदर्शक, म्हणजे रोज अकोल्याहून गाडीने येणारं संकट. त्यांच्या होकाराशिवाय पदवी नाही, आणि होकार हा शब्द त्यांना कुणी शिकवलाच नव्हता.

काम भूशास्त्राचं. जमिनीत खोल मिठाचा जाड थर असतो, त्यावर गाळ साचत जातो. वजनाने मीठ सरकतं, घुमटासारखं वर चढतं आणि वरचे थर वाकवतं, फाडतं. आजच्या त्या वाकड्या थरांतून वरचा एकेक उचलायचा, खालचे सपाट करायचे आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीचं खोरं, जमीन उभी कापून पाहिल्यासारखं, कागदावर उभं करायचं. मी प्रत्येक टप्प्यात मीठ तंतोतंत तेवढंच ठेवलं होतं. संगणक खूश, मीही खूश.

सरांनी काचेच्या पेटीत सैल कणीक ओतली, वर ओली वाळू रचली आणि समोरची काच उपसली. कणीक थेट माझ्या नव्या पँटवर!

"पाह्य! कागदाच्या बाहेर, तुह्या-मह्याकडे येते ते. पाण्यात विरते ते येगळंच. मंग सारखं कसं राहीन, भैताडा?"

त्यानंतर आमचा नमस्कारही बंद. मी त्यांना मुद्दाम बिनसाखरेचा चहा द्यायचो. ते "आज गोड झाला" म्हणून पिऊन टाकायचे. सगळं काम मी नव्याने केलं, तेव्हा त्यांनी प्रबंधावर सही दिली, तीही शिवी हासडल्यासारखी.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. प्रबंध मिटून म्हणाले, "जुन्या काळापासून आजपर्यंत दर टप्प्यात मीठ कमी होतंय. हिशेब जुळत नाही. हे मंजूर होणार नाही."

सर उठले.

"मिठाले नोकरीवर ठेवलं काय साहेब, रोज जागेवर हजर राहाले?"

मग ते असे कडाडले, की खिडकीतले कावळे तिवशापर्यंत थांबले नसावेत. मीठ कुठून निघालं, कुठे गेलं, कुठे विरलं, सगळं परीक्षकांच्या नाकासमोर बोट नाचवत सांगितलं. अखेर परीक्षकांनी घाम पुसत प्रबंध मंजूर केला.

बाहेर व्हरांड्यात मी पायांशी वाकलो. "सर, माझ्या बाजूने उभे राहिलात."

त्यांनी पाय मागे घेतला.

"तुह्या बाजूनं नाई. तो चुकला होता."