खुंट झाकण्याची ऑर्डर

"फोम नको, फुगे नको, थर्माकोल तर बिलकुल नको. रिबन लावशील तर सुती लाव," देवळेकाका म्हणाले.

मी पेन खाली ठेवला. जबलपुरात मी डेकोरेशनचा धंदा करते. चौदा फेब्रुवारीला माझ्याकडे येतात ती कॉलेजची पोरं, आणि त्यांना लाल फुग्यांचं हार्ट हवं असतं. देवळेकाका बँकेतून रिटायर झालेले, गणेशोत्सवातली आमची ओळख. त्यांना त्याच दिवशी बायकोसाठी, शैलाकाकूंसाठी, घराच्या अंगणात सजावट हवी होती, आणि तिचा कणभर कचरा उरायला नको होता.

"काहून काका, एवढं कडक?"

"जन्मभर बॉटनी शिकवली ना तिनं. तिला चालत नाही."

"अच्छा. पण हे आताच कसं सुचलं?"

"होतं का नाही तेवढं तू सांग."

कुठेतरी पाणी मुरत होतं. पण आधी कामाचं बघणं भाग होतं. फोम म्हणजे हिरव्या स्पंजची वीट. पाण्यात भिजवायची, तिच्यात देठ खुपसायचे, की फुलं दिवसभर ताठ उभी. नंतर तिचा चुरा होतो आणि तो मातीत कुजत नाही. माझा हेड कारागीर राजू भैया ऐकूनच वैतागला. "दीदी, बिना फोम के फूल खड़े किस पे होंगे?"

मलाही आता तेच बघायचं होतं. बटाट्यांत खुपसून पाहिलं, ओल्या मातीत खुपसून पाहिलं, दोन्ही फसलं. मग केळीचा खांब आठवला. घड उतरवला की तो तसाही कापतातच. हातभर तुकडा आडवा ठेवला, टोच्याने भोकं पाडली आणि शेवंती खुपसली. खांबात मुळातच पाणी असतं. संध्याकाळपर्यंत फुलांनी मान टाकली नाही. हिरवळीसाठी जबलपूरजवळच्या पाटणहून मटरचे वेल मागवले. शेवटची तोडणी झाली की शेतकरी ते उपटून गुरांना घालतात. ते मात्र दुपारीच सुकले. दुसऱ्या खेपेला ओल्या पोत्यात गुंडाळून आणले, तेव्हा टिकले.

मग जागा बघायला काकांच्या घरी गेले. काकू चहा घेऊन आल्या.

"वर्षा, यांना विचार, साखर किती."

काका समोरच बसले होते. "तिला सांग, नेहमीसारखी," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

काकू आत गेल्यावर काका मला अंगणात घेऊन गेले. फाटकाजवळ मुनग्याचा, म्हणजे आपल्या शेवग्याचा, जाड खुंट होता. थंडी सुरू झाली तेव्हा काकूंना न विचारता काकांनी ते झाड पाडलं होतं. तिथे कारसाठी शेड घालायचं होतं. ठेकेदार पुढच्या आठवड्यात खुंट उपटून काँक्रीट ओतणार होता.

"तेव्हापासून अबोला," काका म्हणाले. "संक्रांतीला तिळगूळ ताटलीत ठेवून गेली. गोड बोला काही म्हटलं नाही." मग हळू आवाजात, "माझी तर बोलायची आदतच मोडून राहिली, बेटा. हा एवढा खुंट झाकून टाक. तिला दिसायला नको."

खुंटाभोवती वाळलेल्या पाल्याचा ढीग होता. बाकी अंगण लख्ख झाडलेलं, आणि पाल्याखालची माती ओली. काका पाणी घालणाऱ्यातले नव्हेत. मला नवल वाटलं, पण मी विचारलं नाही.

चौदा तारखेला दुपारी काकू बाजारातल्या बड्या फुहाऱ्याजवळ बहिणीकडे गेल्या आणि आम्ही कामाला लागलो. खुंटाच्या चहूबाजूंनी केळीचे खांब रचले, वर शेवंती, गेंद्याची फुलं, मटरचे वेल. खुंट नावाला दिसत नव्हता. राजू भैयानं मोबाइलवर फोटो काढला. एवढं देखणं काम आम्ही फोम वापरूनही कधी केलं नव्हतं.

दिवेलागणीला आम्ही पणत्या लावत होतो, तोच काकू फाटकातून आत आल्या. उभ्या राहून त्यांनी सगळं पाहिलं.

"वर्षा, यांना विचार, हे काय आहे."

काकांनी "हॅपी" एवढंच म्हटलं.

काकू सरळ खुंटाशी गेल्या, एका हातानं वेल बाजूला केले. "इथे पाला होता," त्या मला म्हणाल्या. "त्याच्याखाली फुटवे आले होते. रोज सकाळी हे फिरायला गेले की मी पाणी घालत होते."

पाला आम्ही उचलला नव्हता. त्याच्यावरच खांब ठेवले होते.

काकांचे गुडघे गेलेले आहेत. ते आधी एका हातावर टेकले, मग खाली बसले आणि समोरचा खांब त्यांनी स्वतःच ओढून काढला. पाल्याखाली बोटभर फुटवा मोडून पडला होता. तो तळहातावर घेऊन ते बघत राहिले. मग घाईघाईनं दुसऱ्या खांबाला हात घातला.

"अहो, हळू," काकू म्हणाल्या. "तिकडं अजून एक आहे."

काकांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं. काकू त्यांच्याशेजारी बसल्या आणि दोघांनी मिळून तो खांब इंच इंच उचलला. मला रडू आलं. राजू भैया पाठ करून पणत्यांच्या वाती नीट करत होता, त्या आधीच नीट होत्या.

दुसरा फुटवा शाबूत होता. काकांनी तिथे बसूनच ठेकेदाराला फोन लावला आणि शेड कॅन्सल केलं. कार आता गल्लीत उभी असते, तिच्यावर कबुतरं बसतात. केळीचे खांब आणि वेल शेजारच्या गोठ्यातल्या गाईंनी संपवले.

आमच्या धंद्यात निम्मं काम झाकण्याचं असतं. हल्ली साइट बघायला गेले की मी क्लायंटला आधी विचारते, इथे काय झाकायचं नाही. बहुतेक जण काय झाकायचं तेच सांगतात. मग ज्या माणसासाठी सजावट आहे, त्यालाच जाऊन विचारते. सरप्राइज गेलं तर गेलं.