टपरीशेजारचा गवंडी

मी फौजदार असताना खोपोलीच्या मजूर नाक्यावर माझ्या हातून झालेली चूक अजून मनातून जात नाही.

सकाळी सातला तिथे माणसं अवजारं घेऊन उभी राहायची. थापी दिसली की गवंडी, ब्रश दिसला की रंगारी. प्रत्येकाची जागा ठरलेली. मालक गाडीतूनच बोट दाखवायचा आणि माणूस मागे जाऊन बसायचा. नाव कोणी विचारत नसे. काय गजबज असायची तेव्हा!

खालापूरजवळच्या एका बंगल्यातून सोन्याची साखळी गेली. मालकाने फिर्यादीत सांगितलं, "नाक्यावर चहाच्या टपरीशेजारी उभा असतो, तो गवंडी आणला होता." दुसऱ्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या गवंड्याला मी सर्वांदेखत जीपमध्ये घातलं. ठाण्यात मालक म्हणाला, "हाच."

"सायेब, त्या दिवशी मी नाक्यावर नव्हतोच. बायकोला घेऊन दवाखान्यात होतो."

"सगळे असंच सांगतात."

दुपारपर्यंत तेच प्रश्न, तीच उत्तरं. शेवटी तो म्हणाला, "तुमी सोडलंत तरी आता मला कामाला कोन नेनार? जीपमध्ये बसताना सगळ्यांनी बघितलंय."

मी चपापलो. चोराला उद्याच्या कामाची काळजी नसते. त्याला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांतल्या हवालदाराच्या हातात थापी देऊन त्याला टपरीशेजारी उभं केलं, गवंड्याला दहा पावलं लांब, आणि मालकाला बोलावलं. त्याने बेधडक हवालदाराकडे बोट दाखवलं. त्याने चेहरा पाहिलाच नव्हता, पाहिली होती ती जागा आणि थापी. मीही तेच केलं होतं.

घमेलं घेऊन उभी असलेली एक बाई म्हणाली, "त्या दिवशी हितं परका मानूस उभा होता. आमाला इचारायचं होतं ना, सायेब."

तिने सांगितलेल्या वर्णनावरून तो तीन दिवसांत कर्जतला सापडला, साखळीसकट.

पण आमच्या गवंड्याला तोवर कोणीच कामाला नेलं नव्हतं. मला फार लाज वाटली. वर्दीतच नाक्यावर गेलो, सगळ्यांसमोर त्याला नाव विचारलं आणि म्हटलं, "माझ्या घरची न्हाणी बांधायची आहे. चला."

तो जीपजवळ घुटमळला. "मागं बसू?"

"पुढे बसा."

आता ठेकेदार फोनवरच माणसं बोलावतात, नाका ओस पडलाय. न्हाणी मात्र अजून गळत नाही. त्याचं नाव इथे लिहीत नाही, पण मला ते पाठ आहे. जीपमध्ये घालण्याआधी तेवढं तरी विचारायला हवं होतं.