खिंडीत बोललेलं

देल्फिनो आर्चुलेता वारला, हे डोंगराच्या अलीकडे कळायला तीन आठवडे लागले. टपालवाल्याने सांगितलं तेव्हा कासिमिरो सफरचंदाच्या बुंध्यांना चुना लावत होता.

"तुमचा तो पलीकडचा दोस्त ना?" बायकोने विचारलं. "मुलंबाळं किती त्याला?"

कासिमिरोला सांगता येईना. सव्वीस वेळा हा माणूस त्याच्याबरोबर जेवला होता. बकरीचं चीज त्याला आवडत नसे, डाव्या पायाने तो जरासा लंगडायचा आणि आपले बूट आपणच शिवायचा, एवढीच काय ती माहिती. बायको होती की नव्हती, तेही ठाऊक नाही. त्याच्याबद्दल मनात जी अढी बसली होती, तिच्यापुढे ही ओळख अगदीच थोडी होती.

भेट व्हायची वर्षातून एकदाच, सांग्रे दे क्रिस्तो डोंगररांगेच्या माथ्यावरच्या खिंडीत. तिथला ओढा मुळात पश्चिम उताराचा, देल्फिनोच्या रिंकोन गावाला जाणारा. कासिमिरोच्या पणजोबांच्या पिढीने कुदळीने पाट खोदून त्यातलं थोडं पाणी खिंडीतून पूर्वेला, आपल्या तोर्दोसकडे वळवलं होतं. किती, ते एका फळीतली खाच ठरवायची. पाटाच्या तोंडाशी ती फळी आडवी बसवायची. खाचेतून जाईल ते तोर्दोसचं, उरेल ते रिंकोनचं. कागद कसलाच नव्हता. हिवाळ्यात बर्फाने फुटू नये म्हणून फळी काढून ठेवत, एक वर्ष या गावात, एक वर्ष त्या गावात. मे महिन्यात, सान इसिद्रोच्या सणाआधीच्या शनिवारी, दोन्हीकडचे पाटकरी वर येऊन ती बसवत आणि तिथेच जेवत.

दोन्ही गावं स्पॅनिशच बोलायची. पण रिंकोनवाले सूर ओढत बोलतात आणि तोर्दोसवाले अर्धे शब्द गिळतात. सोयरीक तर कधी झालीच नाही. तरी पलीकडच्याला 'प्रीमो', म्हणजे चुलतभाऊ, म्हणायची रीत होती.

"सूर्य आधी तुमच्याकडे येतो," देल्फिनो म्हणायचा, "आणि खिंडीत आधी मी पोचतो. हे कसं काय, प्रीमो?"

"आम्ही त्याला कॉफी पाजून मग तुमच्याकडे धाडतो. वेळ जाणारच."

वडिलांनी पाटाचं काम सोपवताना कासिमिरोला एक नियम सांगितला होता. खिंडीत बोललेलं खाली न्यायचं नाही. वर दोन्हीपैकी कुठलंच गाव नाही, तिथे माणसाने मन मोकळं करावं आणि हात झटकून उतरावं. कासिमिरोने तो आयुष्यभर पाळला. रिंकोनच्या कुठल्या पोरीने कुणाबरोबर पळ काढला, हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

भेटींच्या सोळाव्या वर्षी, निळ्या मक्याची भाकरी मोडता मोडता, तो बोलून गेला. मोठ्या दुष्काळात फळी तोर्दोसला असताना त्याच्या वडिलांनी पटाशीने खाच दोन बोटं खोल केली होती आणि लाकूड जुनं दिसावं म्हणून वर काजळी चोळली होती. ही गोष्ट कासिमिरोच्या छातीवर दगडासारखी बसली होती.

देल्फिनोने घास गिळला. मग म्हणाला, "तुझा बाप सुतार बरा होता." आणि मिरचीची वाटी त्याच्याकडे सरकवली. कासिमिरो त्या दिवशी शीळ घालत डोंगर उतरला.

पुढे दहा वर्षांनी सरकारने कुणाचं पाणी किती, याची सुनावणी लावली. कासिमिरो मागच्या बाकावर बसला होता. देल्फिनोने बायबलवर हात ठेवला. अधिकाऱ्याने खाचेचं माप विचारलं, आणि त्याने पटाशी, काजळी, दुष्काळाचं साल, सगळं सांगून टाकलं. आवाज चढला नाही की पडला नाही. मागच्या बाकाकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही.

फळी गेली, लोखंडी दार आलं आणि तोर्दोसचं पाणी दोन बोटं उतरलं. कासिमिरोची बाग पाटाच्या अगदी टोकाला. चाळीस झाडांतल्या निम्म्यांपर्यंत आता पाणी पोचणार नव्हतं. पण त्याला जास्त लागलं ते गावाचं बोलणं.

"या पाटकऱ्याला काय विचारता," दुकानाच्या पायरीवर एकजण म्हणाला. "गावाचं पाणी भाकरीबरोबर वाढून आला."

मे महिन्यात तो वर गेला. देल्फिनो आधीच पोचला होता, किल्ली घेऊन बसला होता. दार उघडलं. डबे उघडले नाहीत.

"खिंडीत बोललेलं खाली न्यायचं नाही," कासिमिरो म्हणाला. "एवढं एक पाळायचं होतं."

"कोण म्हणतं असं?"

"सगळे म्हणतात. माझे वडील म्हणायचे."

"आमच्याकडे कुणी म्हणत नाही." देल्फिनोला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "आमच्याकडे वर जे ऐकलं ते खाली जाऊन सांगायचं. त्यासाठीच माणूस पाठवतात, प्रीमो. मी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं."

"कुणाला?"

"सगळ्यांना. देवळाबाहेर."

"दहा वर्षांपूर्वी?"

"मग. म्हातारे म्हणाले, दोन बोटांसाठी काय भांडायचं, राहू दे. विचारलं नसतं तर राहिलंच असतं."

दहा वर्षं त्याच्या बापाची चोरी अख्ख्या रिंकोनला ठाऊक होती, आणि हा दरवर्षी मिरचीची वाटी पुढे करत होता. हे उपकार मानायचे की दगा, हे कासिमिरोला तेव्हा ठरवता आलं नाही. मरणाची बातमी आली तेव्हा झाडांना चुना लावतानाही आलं नाही. मात्र सलत होतं ते दग्यासारखंच.

त्याने न उघडलेला डबा पिशवीत टाकला आणि निघाला. वीसेक पावलं गेल्यावर मागून हाक आली.

"प्रीमो, तुमच्या बाजूला बर्फ आहे अजून. कडेकडेने जा."

"जातो," कासिमिरो म्हणाला.