अर्चनाने लपायचं कशासाठी?

"बच्चेदानी निकालनी पड़ी," हे डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं. मला नाही. बाळ पोटातच गेलं होतं आणि माझा रक्तस्राव थांबत नव्हता. तीन दिवसांनी मी फाइलमध्ये वाचलं, हिस्टरेक्टॉमी. म्हणजे गर्भाशय काढून टाकणं. गर्भाशय माझं, आणि मलाच पत्ता नाही!

वर्षभराने एका डॉक्टरबाईंनी जेस्टेशनल सरोगसी सुचवली. स्त्रीबीज माझं, शुक्राणू नवऱ्याचे, गर्भ वाढवणार दुसरी बाई. माझी धाकटी जाऊ अर्चना फरीदाबादला राहते, तिला दोन मुलं आहेत. आम्ही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मी आहे ना, ताई."

मग सरोगसीच्या परवानगीसाठी मेडिकल बोर्डाचे कागद. सोनोग्राफीच्या फॉर्मवर माझ्या शेवटच्या पाळीची तारीख हवी होती. गर्भाशयच नाही, असं सांगितलं तर काउंटरवरची बाई म्हणते, "फिर भी मॅडम, कॉलम खाली नहीं छोड़ सकते." डोकंच फिरलं माझं.

दुसऱ्या एम्ब्रियो ट्रान्सफरला, म्हणजे तयार गर्भ अर्चनाच्या गर्भाशयात सोडण्याला, यश आलं. सासूबाईंनी लगेच बजावलं, "अर्चनाने आता इथे, आर. के. पुरमच्या घरी, यायचं नाही. सरकारी क्वार्टर्समध्ये बोभाटा नको." आणि इतके दिवस सगळ्यांवर चिडणारी मी, मुकाट्याने मान डोलावली. माझी मलाच अजून चीड येते.

पाचव्या महिन्यात तपासणीला आमचा नंबर येईपर्यंत दोन तास बसलो होतो. अर्चना हळूच म्हणाली, "ताई, शेजारणी अभिनंदन करतात. नंतर विचारतील, बाळ कुठंय? काय सांगू? गेलं म्हणून?"

एक बाळ गमावलेली मी, दुसरं जिवंत असताना तिला ते मेलं म्हणून सांगायला लावणार होते.

त्याच दिवशी तिला घरी घेऊन आले. खाली बागेत बसलेल्या बायकांना सांगितलं, "बाळ माझं आहे. ही माझी जाऊ, ती वाढवतेय." सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

तुमच्यावर ही वेळ आली तर कागद, बोर्ड, इंजेक्शनं सगळं निभेल. पण जी तुमच्यासाठी हे करतेय, तिला खोटं बोलायला लावू नका.

माझी मुलगी आता अकरा महिन्यांची आहे. अर्चनाचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. लोक मात्र अजून माझ्या कानाशी लागतात, "तिला बाळाचा लळा लागला तर?"

लागू दे की! काकूला पुतणीचा लळा लागू नये, हा कुठला नियम?