मरळीची लाल पिलं

भीमेत घुसलेल्या परदेशी मांगूर माशाविरुद्ध मी काठावर पत्रकं वाटत होतो. तो नदीत सोडणाऱ्यांना त्याच पाण्यात बुचकळून काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारी शेवंतामावशींनी जाळं ओढलं. सकाळपासून एकच मासा, आपली गावठी मरळ, हातभर लांब. पाण्यात तिच्या लाल पिलांचा घोळका सैरभैर झाला होता. मावशींनी मरळ अलगद सोडून दिली.

"मावशी, आज बाजारात काय विकणार?"

"तुझी पत्रकं!" त्या हसल्या. "आरं, राखणदारीणच नेली, तर त्यो मांगूर समदी पोरं गिळंल की."

मरळही शिकारीच, पण पिलांभोवती लगेच घिरट्या घालू लागली. नदीसाठी आम्ही नुसता घसा कोरडा करतो. मावशींनी आजचा बाजार सोडला आणि रिकामी पाटी काखेत मारून घाट चढूही लागल्या.