खोट्या आकाशाखाली

आमच्या ह्यांच्या शब्दकोशात ‘बरं आहे’च्या वरचं कौतुक नाही. मुलीच्या लग्नातलं जेवण बरं होतं, हिमालय बरा होता. पन्नाशी उलटल्यावर मी पीएचडी मिळवली, तेव्हा म्हणाले, "बरं झालं, आता दिवा वेळेवर मालवता येईल." अशा माणसाला घेऊन मी लास व्हेगासला गेले होते.

मी कर्वेनगरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दगडफूल हा माझा विषय. आपण गोड्या मसाल्यात घालतो, तेच. पुण्यातल्या कुठल्या रस्त्यांवरच्या झाडांवरून ते नाहीसं होतंय आणि त्यावरून तिथली हवा कशी ओळखायची, हे मला एका परिषदेत सांगायचं होतं. ती परिषद जुगाराच्या शहरात घ्यावी असं कुणाच्या डोक्यात आलं, देव जाणे.

आदला दिवस मोकळा होता. शहर बघायची हौस होतीच, पण मनात दुसरंच घोळत होतं. उद्या मी बोलायला उभी राहीन तेव्हा ह्यांनी समोर बसावं, एवढं एकच मला हवं होतं. आणि ते येणार नाहीत, हेही मला माहीत होतं.

त्याला कारण होतं. हे दिवसा बँकेत नोकरी करायचे आणि संध्याकाळी नारायण पेठेतल्या एका हौशी संस्थेच्या नाटकांना प्रकाश द्यायचे. सगळ्यांच्या मागे, अंधाऱ्या खोलीत बसून दिवे मंद-प्रखर करणाऱ्या डिमरच्या दांड्या वरखाली करायच्या. रंगमंचावर पहाट किती हळू आणायची, ते त्यांच्या बोटांना कळायचं. काही वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. एका प्रयोगात पहाट झटक्यात उजाडली आणि प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. तेव्हापासून हे कुठल्याच सभागृहात पाऊल टाकत नाहीत. नाटक नाही, गाणं नाही, माझं भाषण तर नाहीच. "मला त्यातलं काय कळतं?" असं म्हणून मोकळे होतात. मी चिडून पाहिलं, रडून पाहिलं, हे ढिम्म.

तर सकाळी आम्ही बाहेर पडलो आणि माझा आ वासला तो मिटेचना. इकडे पिरॅमिड, तिकडे राजवाडा, थोडं पुढे चक्क आयफेल टॉवर. सगळं खोटं आहे हे दिसत होतं, पण इतकं मोठं खोटं इतक्या मनापासून उभारलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी जत्रेतल्या पोरीसारखी मान वळवत चालले होते.

"अहो, आयफेल बघा ना!"

"खऱ्यापेक्षा लहान आहे."

"खरा कधी पाहिलात तुम्ही?"

"नाही. आणि हा बघूनही नाहीच म्हणायचं."

पुढे एका तळ्यात कारंजी नाचतात म्हणून काठावर ही गर्दी. ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि कठड्यावर टाकला. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकतात, अगदी तसा. दोन गोऱ्या मुली त्या रुमालाकडे बघून खरोखरच बाजूला सरकल्या, आणि आम्हाला जागा मिळाली. मग गाणं सुरू झालं आणि पाणी इमारतीएवढं उसळलं. भर वाळवंटात! गुरुवारी पाणी बंद म्हणून बुधवारी बादल्या भरणारी बाई मी, माझे डोळे भरून आले.

"बरं आहे," हे म्हणाले. "गुरुवारीही असतं का?"

ऊन चढल्यावर आम्ही एका हॉटेलात शिरलो. आत जुगाराचा अवाढव्य हॉल, मऊ गालिचा, हजार दिव्यांची लुकलुक, आणि कुठेही खिडकी नाही, घड्याळ नाही. "बाहेर दिवस आहे की रात्र, ते कळू द्यायचं नाही," हे पुटपुटले. "थिएटरात हेच करतात." किती तरी वर्षांनी त्यांनी आपणहून तो विषय काढला होता.

त्या हॉलच्या पलीकडे रोमन बाजार होता. फरसबंद रस्ता, पुतळे, दुकानं आणि वर आकाश. म्हणजे रंगवलेलं छत, पण मी क्षणभर खरोखरच फसले. हे तर रस्त्याच्या मधोमध थांबले. लोक धडकत होते, ह्यांची मान वर.

"दिवे कुठे लपवलेत ह्या लोकांनी?"

मग ते दिवे सापडले वाटतं, कारण हे एका कारंज्याच्या कट्ट्यावर मुकाट येऊन बसले. मीही बसले. वरची निळाई गुलाबी होत गेली, गुलाबीची जांभळी झाली. सहज खाली नजर गेली तर ह्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता. थरथरत होता, पण अंगठा अगदी सावकाश खाली येत होता. आकाशाबरोबर. रात्र झाली तसा तो थांबला. मग पहाट व्हायला लागली आणि अंगठा पुन्हा वर सरकू लागला.

"अहाहा!" हे म्हणाले.

हा शब्द मी आमच्या संसारात पहिल्यांदा ऐकला.

"किती हळू! कधी उजाडलं, कळलंसुद्धा नाही."

"मशीनवर असेल हो ते."

"मशीनला शिकवलं कुणी? तो माणूस कधीतरी गच्चीवर बसून पहाट बघत राहिला असणार." त्यांचा आवाज ओला झाला होता.

जेवणाची वेळ टळली तरी आम्ही तिथेच होतो. तेच आकाश पुन्हा पुन्हा मावळत होतं, उजाडत होतं, आणि दर वेळी मी तितकीच थक्क होत होते. थोडी त्या छतामुळे, जास्त शेजारच्या माणसामुळे.

परत येताना लिफ्टपाशी हे थांबले. "तुझा हॉल कुठला?"

हॉल आमच्याच हॉटेलच्या तळमजल्यावर होता. खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आत कुणी नव्हतं. दारात हे जरा घुटमळले. मी मुद्दाम मागे न बघता सरळ मंचावर जाऊन उभी राहिले. वळून पाहते तो हे शेवटच्या रांगेपाशी पोचलेले.

"तोंडावर अंधार आहे. पुढे ये."

मी पुढे आले.

"डावीकडे. अजून थोडी. बास."

डोळ्यांवर प्रकाश आला आणि मला ते दिसेनासे झाले. नुसता आवाज आला. "हां. आता दिसतेस. उद्या इथेच उभी राहा."

"आणि तुम्ही?"

मी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. ह्यांनी खिशातून रुमाल काढला होता. तो थरथरत्या हाताने झटकला आणि शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर टाकला.