कंपाउंडरच्या खिशातला दगड

कोपरगावातला एक कंपाउंडर रोज सकाळी मला इन्सुलिन टोचायला घरी यायचा. पिचकारी माझी, रोज उकळून वापरायची ती एकच सुई माझी, मधुमेह माझा. पण मला शिकवा म्हटलं की मान हलवायचा. "न्हाई जमायचं मास्तर. तुमचा हात खडूचा हाय." सुई घुसताना जीव जायचा, तरी मी दात आवळून गप्प बसायचो. त्याच्यापुढे मला ओरडायचं नव्हतं.

एकदा न सांगता तो सोनईला लग्नाला गेला. दोन दिवस मी घटाघटा पाणी पीत अंथरुणात पडून होतो. तिसऱ्या दिवशी स्वारी हसत आली, आणि पुडीत माझ्यासाठी बुंदीचे लाडू! माझं डोकं फिरलं. त्याच्यादेखत मी सुई उकळली, औषध भरलं आणि सुई मांडीत खुपसली. तोंडून किंकाळीच फुटली.

"दुखतंय व्हय?" तो चकित झाला. खिशातून छोटा दगड काढून त्यानं सुईचं बोथट टोक घासून दिलं.

"हा दगड रोज खिशात असायचा?"

"असायचा की. पन तुमी कदी वरडलाच न्हाई."

दगड मी त्याच्या हातातून काढून घेतला, तो परत दिला नाही.